सेफ्टी शूज: लेस, चेन, डायल की बक्कल? रबाळ्याच्या शॉपमधल्या नोंदी

८ एप्रिल

पावसाळ्याआधी सेफ्टी शूजची ऑर्डर जाते ती स्टोअरमधून, म्हणजे माझ्या टेबलावरून. आमचं शॉप, म्हणजे वर्कशॉप, नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत. अर्ध्या शेडमध्ये फॅब्रिकेशन, अर्ध्यात मशीनिंग, एका कोपऱ्यात एसीवाली क्वालिटी रूम. यंदा साहेबांचं म्हणणं पडलं की सगळ्यांना चेनवाले घ्या, लेस बांधण्यात वेळ जातो. कॅटलॉग उघडण्याआधी भंगाराच्या पोत्यातले गेल्या वर्षीचे जोड बाहेर काढले आणि शेडच्या मागे ओळीनं मांडले. ज्यांना अशी ऑर्डर द्यायची आहे त्यांनी सुरुवात इथूनच करावी. नाकाला रुमाल बांधून.

तळवा झिजून बाद झालेला जोड हुडकावा लागला. बोटांवरची स्टीलची टोपी सगळ्यांची शाबूत. बूट बाद झाले होते ते वरच्या बाजूनं. टाचेमागची कडक पट्टी आत दुमडून चपटी झालेली, आयलेट (लेसच्या भोकांतल्या कड्या) उपटलेली, जीभ एका अंगाला फाटलेली. लेसच्या जागी सुतळी, वायरचा तुकडा, आणि एका जोडात तर खोक्यांना लावायची निळी प्लास्टिक पट्टी.

टाच का चपटी होते ते दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर उभं राहिल्यावर कळलं. लेस सैल बांधून गाठ कायमची ठेवलेली असते आणि पाय चपलेसारखा आत सरकवला जातो. आपल्याकडे बूट सकाळी घालून संध्याकाळी काढला असं होत नाही. गेटजवळच्या गणपतीपाशी काढायचा, क्वालिटी रूमच्या दाराशी काढायचा, दुपारी नमाजाआधी वुजूला, म्हणजे हातपाय धुवायला, मोज्यांसकट काढायचा. एवढ्या वेळा कोण लेस सोडणार आणि बांधणार? पण सैल बुटात पाय पुढे सरकतो आणि बोटं टोपीवर आदळतात. आमच्या एका हेल्परच्या अंगठ्याचं नख त्यामुळेच काळं पडलंय. तो म्हणत होता, "ताई, साइज लहान दिलीत." साइज बरोबर होती, पाय जागेवर नव्हता.

१२ एप्रिल

मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट. नमुन्यासाठी एकेक जोड घ्यायचा होता, त्यामुळे होलसेलवाले फारसे खूश नव्हते.

बुटाचा बंद लेस, चेन, डायल कसलाही असो, आधी शिक्का बघायचा: आयएसआय आणि त्याखाली आयएस १५२९८, भाग २. भाग २ म्हणजे टोपीनं २०० जूलचा आघात सोसायला हवा. २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडलं तर जेवढा बसेल तेवढा. भाग ३ चे बूट दिसायला तसेच आणि थोडे स्वस्त, पण त्यांची टोपी १०० जूलची. पोलादाच्या प्लेटा उचलणाऱ्याला ते देऊ नयेत. डायलवाल्या, म्हणजे चकती फिरवून तार आवळायच्या, जोडांत बरेच फक्त युरोपीय शिक्क्याचे निघाले. बूट वाईट नसतील, पण आमच्या ऑडिटला आयएसआय लागतो, म्हणून ते तिथेच बाद.

आणलेले नमुने असे. साधा लेसचा घोट्यापर्यंतचा बूट साधारण हजाराला. आतल्या अंगाला चेन आणि पुढे लेस असलेला, अठराशेच्या पुढे. दोन पट्ट्यांचा वेल्क्रोवाला बाराशेच्या आसपास. दोन्ही बाजूंना इलास्टिक असलेला, ओढून घालायचा, तेवढ्यालाच. लेसवर चामड्याचा पडदा आणि त्यावर बक्कल असलेला वेल्डरचा बूट सोळाशेला. डायलचा सगळ्यात महाग, साडेतीन हजारांच्या वर. दुकानदार म्हणाला, "ताई, डायलच घ्या, आता तेच चालतंय." त्याच्याकडे डायलचा माल पडून होता हे मागच्या रॅकवरून दिसत होतंच.

सगळे जोड दुपारी चारनंतर, कामाचे मोजे घालून, मापून दिले. दिवसभर उभं राहून पाय सुजतात. सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी चावतो.

१८ एप्रिल

इलास्टिकवाला सगळ्यात आधी परत आला. ज्याची पावलं वरून उंच, त्याचा पाय आत जाईना. दुसऱ्या एका सडपातळ पायाच्या पोराला दिला तर सहज गेला, पण शिडीच्या पायरीवर टाच वर उचलून राहायला लागली. या बुटात घट्ट-सैल करायला काहीच नाही. इलास्टिक जेवढं धरेल तेवढंच, आणि ते रोज थोडं थोडं सैल होणार. बंद कसलाही असला तरी एक साधी तपासणी करावी: बूट घालून उभं राहायचं, दुसऱ्या बुटाच्या टोकानं टाच दाबून धरायची आणि पाय वर ओढायचा. टाच बोटभरापेक्षा जास्त सुटली तर तो बूट त्या पायाचा नाही.

इलास्टिक फॅब्रिकेशनला तर नकोच. ठिणगी पडली की कापडाला भोक पडतं आणि आतले रबराचे धागे सुटतात.

२४ एप्रिल

वेल्क्रो ग्राइंडिंगवाल्या पोराला दिला होता. पहिले काही दिवस तो सगळ्यांना दाखवत होता: चर्रकन उघडला, चर्रकन लावला. आज पट्टी हातात घेऊन नीट पाहिली. हुकांच्या बाजूत लोखंडाची बारीक भुकटी, कापसाचे तंतू आणि कुणाचा तरी केस. समोरच्या मऊ बाजूवर ठिणग्यांनी ठिकठिकाणी चकचकीत कडक ठिपके पडलेले, तिथं आता काही धरतच नाही. तारेच्या ब्रशनं साफ केल्यावर थोडा जीव आला, पण वितळलेला भाग कायमचा गेला. उकिडवं बसल्यावर वरची पट्टी आपोआप सुटते हेही त्यानंच दाखवलं. पॅकिंग, डिस्पॅच अशा कोरड्या, ठिणगी नसलेल्या जागी वेल्क्रो चालेल. आमच्याकडे तशी माणसं थोडी.

३ मे

उकिडवं बसणं हा मुद्दा कुठल्याच कॅटलॉगात नाही, आणि आमचे फिटर अर्धा दिवस तसेच बसलेले असतात. या बसण्यात घोटा पूर्ण दुमडतो. जिभेचं वरचं टोक नडगीत रुततं, बाजूच्या चेनला नेमकी घोट्यापाशी घडी पडते, आणि जिभेवर डायल असेल तर ती पावलाच्या हाडावर दाबते. डायलचा जोड वापरणारे फिटरदादा दुसऱ्याच दिवशी बूट हातात घेऊन स्टोअरला आले: "ताई, उभं राहिलो की राजा, बसलो की वैरी." ही डायल आणि तारेची जोडी मुळात बर्फावरच्या स्नोबोर्डिंगच्या बुटांसाठी २००१ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. तिथं पाइपाच्या फ्लॅंजचे बोल्ट आवळायला कुणी उकिडवं बसत नाही. डायल बाजूला असलेले बूटही मिळतात, पण ती शिडीच्या कठड्याला आणि प्लेटच्या कडेला घासते.

डायलची बाजूही नोंदवायला हवी. दाबून फिरवली की सगळ्या पावलावर सारखा ताण येतो, दुपारी पाय सुजला तर हातमोज्यानिशी थोडी सैल करता येते, आणि वर ओढली की तार एकदम सुटते. एवढं छान घट्ट-सैल दुसऱ्या कशातच होत नाही. तो जोड क्वालिटी रूमच्या सुपरवायझरांना दिला, ते खूश आहेत.

११ मे

फिटरदादांकडे असतानाच डायलच्या तारेचा एक धागा प्लेटच्या कडेला लागून फुटला होता. आज पूर्ण तुटली. सुटा संच मिळतो, बदलायला सोपाही आहे, पण मागवून यायला आठवडा उलटून जाणार. तोवर साडेतीन हजारांचा बूट कपाटात. लेस तुटली तर माणूस गाठ मारून पाळी पूर्ण करतो. हा फरक पैशांत मांडता येत नाही म्हणून पर्चेसवाल्यांना पटत नाही.

इलेक्ट्रिशियनला डायलची तार आणि धातूची चेन दोन्ही नको होत्या. बाहेरच्या अंगाला धातू नसलेला बूट त्याला हवा, ते बरोबरच आहे. त्याची खरेदी वेगळी करतो.

१४ मे

आज सीओटू वेल्डिंगवाल्या काकांच्या बुटात स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या धातूचा उडालेला थेंब, गेला. काकांनी जुनाच लेसचा जोड घातला होता. वेल्डरचा नमुना त्यांच्या मापाचा नव्हता म्हणून दुसऱ्याला दिला होता. जीभ आणि चामड्याच्या मधल्या फटीतून थेंब आत घरंगळला. लेसला दुहेरी गाठ, हातात जाड हातमोजे. काका एका पायावर नाचतायत, हातमोजा दातांनी ओढतायत आणि गाठ सुटत नाही. शेवटी हेल्परनं कटरनं लेस कापली. घोट्याखाली रुपयाएवढा फोड. पाण्याखाली बराच वेळ धरला, मग डॉक्टरकडे नेऊन आणलं. फार लागलं नाही, पण मोजा वितळून चिकटला असता तर गोष्ट वेगळी होती. काकांचा मोजा सुती होता, म्हणून वाचले. नायलॉनचे मोजे वेल्डरला देऊ नयेत, ही नोंद याच कागदावर असू दे.

संध्याकाळी वेल्डिंग बे (वेल्डिंगचा कप्पा) बंद झाल्यावर सगळे नमुने हातमोजे घालून काढून बघितले. बक्कल ओढलं की पडदा उघडतो, पाय झटकला की बूट बाहेर, तीन-चार सेकंदांत. चेनही तेवढीच झटपट, पण रनर (चेन वर-खाली ओढायचा तुकडा) हातमोज्यात सापडला तर. रनरला चामड्याची लांब शेपटी बांधल्यावर सापडायला लागला. वेल्क्रो झटपट. दुहेरी गाठ मारलेली लेस अर्ध्या मिनिटाच्या आसपास, तीही शांतपणे बसून. पाय भाजत असताना तेवढा वेळ कुणाकडे असतो?

इथून पुढे माझा प्रश्न बदलला. घालायला सोपं काय हे विचारणं सोडलं. अंगावर काय पडतं आणि बूट किती लवकर निघतो, या दोन गोष्टींवर प्रत्येक बे वेगळा धरायचा. सगळ्यांना एकच बूट ही कल्पना साहेबांना आवडते कारण फॉर्म एक भरावा लागतो.

२२ मे

चेनवाला जोड शॉपमधला सगळ्यात लाडका. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचे, दोघं तो आळीपाळीनं मागतात. तरी घोट्याजवळ दात वाकडे व्हायला लागलेत, म्हणून कारण शोधलं.

या बुटात लेस आणि चेन दोघांची कामं वेगळी आहेत. लेस एकदा पायाच्या मापानं बसवायची, चेननं फक्त आत-बाहेर करायचं. होतं असं की महिन्याभरात चामडं सैलावतं, लेस मात्र पहिल्या दिवशीची तशीच राहते. मग घट्ट करायचं म्हणून माणूस चेनच जोरात ओढतो, किंवा उलट लेस फार आवळून ठेवतो आणि चेन लावताना दोन्ही काठ ताणून रनर खेचतो. रनरचं तोंड उघडतं आणि मागे दात सुटत जातात. उपाय फुकटचा आहे: दर सोमवारी चेन लावून, उभं राहून, लेस पुन्हा बसवायची. चेन लावताना दोन्ही काठ आधी हातानं जवळ आणायचे.

रबाळे स्टेशनबाहेरच्या मोचीकाकांनी पक्कडीनं रनर दाबून दिला, चाळीस रुपये. पूर्ण चेन बदलायची तर दीडशे-दोनशे म्हणाले आणि वर सल्ला दिला: बारीक दातांची गुंडाळीवाली चेन घेऊ नका, जाड सुट्या दातांची घ्या, कचरा अडकला तर ब्रशनं निघतो. कूलंट (मशीन थंड ठेवायचं द्रव) आणि लोखंडाची भुकटी यांचा लगदा दातांत बसतो हे खरंच आहे. जुना टूथब्रश आणि वरून मेणबत्ती घासायची. तेल लावू नका. एका ऑपरेटरनं लावलं आणि दोन दिवसांत चेन काळी करकरीत.

विकत घेताना चेनच्या मागे चामड्याचा पडदा आहे ना, आणि वरच्या टोकाला रनर अडकवून ठेवणारी छोटी पट्टी आहे ना, हे बघा. ती नसेल तर उकिडवं बसल्यावर चेन आपोआप खाली सरकते.

९ जून

पाऊस सुरू. स्टेशनपासून गेटपर्यंतच्या रस्त्यावर घोटाभर पाणी. बरेच जण चपलेवर येतात आणि आत बूट घालतात, ते शहाणपणाचंच. जे बूट घालून आले त्यांचे निकाल असे: चेनमधून पाणी सगळ्यात आधी आत. लेसवाल्यात जीभ दोन्ही बाजूंना शिवलेली असेल तर बराच वेळ कोरडं, सुटी असेल तर चेनसारखंच. सुती लेस भिजून फुगल्या आणि गाठी दगड झाल्या. लोखंडी आयलेटना गंज चढून लेसवर तांबडे डाग पडले, पितळी ठीक आहेत.

पैसे वाया गेले ते इथं. मी ठाण्याला जांभळी नाक्याजवळून गोल, गुळगुळीत नायलॉनच्या लेसचा गठ्ठा आणून ठेवला होता, स्वस्त मिळाला म्हणून. ओल्या गुळगुळीत लेसची गाठ चालता चालता सुटते. गठ्ठा आता पार्सलं बांधायला वापरतोय. चपट्या, खरखरीत विणीच्या पॉलिएस्टर लेस घ्या. लांबी पाच-सहा जोड्या आयलेटला सुमारे १२० सेंटिमीटर, आठ जोड्यांना १५०. आखूड लेस दिली की माणूस वरची दोन आयलेट सोडून देतो, आणि घोटा तिथंच सुटतो.

१३ जून

गाठ सुटते म्हणून ओरडणाऱ्यांच्या गाठी बघितल्या. बहुतेकांची चूक एकच. बांधल्यावर दोन्ही फासे बुटावर आडवे पडायला हवेत. ते बोटांकडे आणि घोट्याकडे उभे वळले तर गाठ उलटी पडली आहे असं समजायचं. पहिली अढी उजवी डावीवर घातली असेल तर फास घालताना डावी उजवीवर, एवढंच. २०१७ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या इंजिनिअरांनी चालताना गाठ कशी सुटते हे कॅमेऱ्यानं टिपलं होतं: पाय जमिनीवर आपटला की गाठ सैलावते आणि झुलणारी मोकळी टोकं तिला ओढून सोडवतात. म्हणून टोकं आखूड ठेवा किंवा बुटाच्या वरच्या काठात खोचा. लोंबणारी लेस ड्रिलिंग मशीनजवळ तशीही नको. पहिली अढी एकाऐवजी दोनदा फिरवली तर लेस फास घालेपर्यंत सैल पडत नाही आणि दुहेरी गाठीची गरज राहत नाही. फास एक टोक ओढून सुटतो. टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, दोन मिनिटं हे करून दाखवलं. लोक हसले, पण दुपारी आडव्या गाठी बऱ्याच दिसल्या.

ग्राइंडिंगवाल्यांना अरॅमिडच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या धाग्याच्या, लेस दिल्या. पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास वितळतं, अरॅमिड वितळत नाही. जोडी अडीचशेला पडली, म्हणजे महाग. गुळगुळीतही आहे, तिला दोनदा फिरवलेली अढी लागतेच. ठिणग्यांनी साध्या लेस सारख्या तुटत होत्या ते मात्र थांबलं.

१९ जून

मूळ दुखणं, चपटी टाच, बुटाचा बंद बदलून पूर्ण जाणार नव्हतं. क्वालिटी रूमवाल्यांशी बोलले. बूट बाहेर काढण्याऐवजी बुटावर चढवायची कापडी कव्हरं दाराशी ठेवली. साहेबांना आधी ते दवाखान्यासारखं वाटलं. गेटजवळ आणि वुजूच्या नळापाशी एकेक बाकडं आणि साखळीला बांधलेला लांब शूहॉर्न. बाकडी आमच्याच शॉपमध्ये उरलेल्या अँगलची बनवली. उभ्या उभ्या एका पायावर लेस कुणी बांधत नाही. बसायला जागा मिळाल्यावर निदान अर्धे जण बांधायला लागले.

२५ जून

ऑर्डर गेली. वेल्डरना लेसवर पडदा आणि बक्कल, वरून चामड्याचे लेग गार्ड, पँट बुटाच्या बाहेर. ग्राइंडर आणि फिटरना साधा लेसचा, जीभ दोन्ही बाजूंना शिवलेली, पितळी आयलेट, वरती लेस अडकवायचे हुक नाहीत कारण ते जाळीत आणि केबलमध्ये अडकतात. सीएनसी आणि क्वालिटीला चेन अधिक लेस. पॅकिंगच्या मोजक्या माणसांना वेल्क्रो. डायल आणि इलास्टिक नाही. सगळ्यांना चेन घेतली असती त्यापेक्षा एकूण बिल कमी आलं, त्यामुळे चार वेगळे प्रकार बघून चढलेला साहेबांचा पारा उतरला.

पुरवठादाराला तळव्याच्या बनावटीचा महिना खोक्यावर लिहून मागितलाय. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळवा गोदामात नुसता पडून राहिला तरी दमट हवेत काही वर्षांनी भुगा होतो. जुना माल सवलतीत गळ्यात मारायला हीच वेळ असते.

७ जुलै

माल आला, एक पेच निघाला. बक्कलच्या पट्टीचं टोक चार बोटं लांब लोंबतंय. काकांनी ते आत खोचलं, मग ओढून उघडताना तेच अडकलं. मोचीकाकांकडून सगळ्या पट्ट्या कापून टोकं जाळून घेतली, जोडीमागे दहा रुपये. पुढच्या ऑर्डरला पट्टीची लांबी आधी लिहून द्यायची. क्वालिटीच्या सुपरवायझरांनी डायलचा नमुना अजून परत केलेला नाही. नवीन तार लावून त्यांच्याच नावावर टाकलाय.